मुरगाव बंदर आणि वास्को शहरातील रोजगार

गोमंतकात झुवारी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, वास्को हे शहर वसलेले आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुरगाव नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 94 हजार होती. या शहराचे अर्थजीवन मुरगाव बंदराशी निगडित आहे. बंदरात कोणता माल येतो आणि कोणता जातो, यावर शहरातील कित्येक कुटुंबांची चूल अवलंबून असते. हे अवलंबन कसे निर्माण झाले व त्यापासून कोणता बोध घ्यावयाचा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बंदराचा विकास

1880 च्या दशकात मुरगावहून घाटमाथ्याकडे लोहमार्ग बांधण्यात आला आणि बंदर घाटापलीकडील प्रदेशाशी जोडले गेले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास लोहखनिजाची निर्यात वाढू लागली. गोवा मुक्तीनंतर 1963 मध्ये मुरगावला प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. 1979 मध्ये खनिज हाताळणीची यांत्रिक व्यवस्था कार्यान्वित झाली व मोठी जहाजे जलद भरणे शक्य झाले.

एका मालावर अनेकांचा निर्वाह

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील खाणींवरून खनिज टिपर ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर येई. तेथून ते बार्जमध्ये भरून मांडवी व झुवारी नद्यांतून बंदरात आणले जाई. पावसाळ्यात आग्वादजवळील वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख धोक्याचे ठरते. अशा वेळी बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत उतरत. ट्रकचालक, बार्जवरील मास्टर, ड्रायव्हर व खलाशी, बार्ज बांधणारे वेल्डर व फिटर, सुटे भाग विकणारे व्यापारी आणि धक्क्याजवळील खानावळवाले हे सर्व एकाच साखळीचे दुवे होते. माल एकच असल्याने एक दुवा निखळताच सारी साखळी सैल होणे अटळ होते.

2012 नंतरची स्थिती

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले. पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यास मनाई केली. 2010-11 साली बंदराने सुमारे 5 कोटी टन माल हाताळला होता. 2013-14 साली हा आकडा सव्वा कोटी टनांहूनही खाली आला. 2014 च्या निकालाने मर्यादित उत्खननास वाट मिळाली. परंतु फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. 2022 च्या अखेरीस नव्या पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि 2024 मध्ये डिचोली येथे उत्खननास पुन्हा प्रारंभ झाला. मधल्या काळात ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नदीत नांगरून पडल्या; मात्र वाहनांसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थांबले नाहीत.

कौशल्य आणि प्रमाणपत्र

या संकटाची झळ सर्वांना सारखीच लागली असे नाही. बार्ज बांधणीत तयार झालेल्या वेल्डरचे कसब कोणत्याही जहाजबांधणीच्या अगर यंत्रशाळेच्या कामी येते. 1957 मध्ये स्थापन झालेल्या व संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील गोवा शिपयार्डमध्ये नौदल व तटरक्षक दलासाठी जहाजे बांधली जातात; त्यांचा खनिजाच्या भावाशी संबंध नाही. जड वाहनाचा परवाना असलेला चालक दुसऱ्या मालाची वाहतूक करू शकतो. बार्जच्या मास्टरचे प्रमाणपत्र मात्र अंतर्गत जलमार्गांपुरतेच असते. तेवढ्यावर त्यास समुद्रगामी जहाजावर अधिकारी होता येत नाही. म्हणून व्यवसाय निवडताना दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : हे काम एकाच मालावर अवलंबून आहे काय? आणि हे प्रमाणपत्र अन्यत्र चालते काय?

इतर आधार

साकवाळ परिसरातील खत कारखाना 1973 पासून चालू असून त्याचा काही कच्चा माल बंदरातूनच येतो. खारीवाडा येथे मच्छीमारीवर अनेक कुटुंबे जगतात, परंतु 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. दाबोळी विमानतळाने टॅक्सीचालक, हमाल व हॉटेल कामगारांना काम दिले. तथापि जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यानंतर काही विमान कंपन्यांच्या फेऱ्या तिकडे वळल्या. कर्नाटकातील पोलाद उद्योगासाठी बंदरात कोळसा उतरतो व रेल्वेने पुढे जातो. त्याच्या धुळीविषयी नागरिकांनी 2017 च्या जनसुनावणीत हरकती नोंदविल्या. रोजगाराचा हिशेब मांडताना आरोग्याची बाजूही जमेस धरली पाहिजे, हे त्यावरून ध्यानी येते. शिवाय यंत्राने हाताळल्या जाणाऱ्या मालात टनांच्या मानाने मनुष्यबळ थोडेच लागते. म्हणून मालाचे आकडे वाढले म्हणजे रोजगारही त्याच प्रमाणात वाढला, असे समजणे योग्य नव्हे.

शिक्षक व ग्रामस्थांसाठी

शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून आपापल्या वाड्यावरील व्यवसायांची यादी करून घ्यावी आणि प्रत्येकापुढे वरील दोन प्रश्नांची उत्तरे लिहवून घ्यावीत. पावसाळ्यात कोणते काम थांबते, याचीही नोंद असावी. अशी यादी ग्रामसभेपुढे ठेवल्यास कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे, हे गावासच कळून येईल. पालकांनी मुलांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रमाबरोबरच 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारीचीही माहिती करून द्यावी. कर्ज काढून वाहन अगर होडी घेणाऱ्याने, काम सहा महिने बंद राहिल्यास हप्ता कोठून भरावयाचा, याचा विचार सही करण्यापूर्वीच करावा. बंदरात येणारा माल बदलत राहील. हाती असलेले कसब मात्र दुसऱ्या मालासही उपयोगी पडेल असेच असावे.