वस्तीतील उद्यान आणि मुलांचे खेळ

व्यायामाचे महत्त्व शाळेतल्या निबंधापासून आपण सारेच लिहीत आलो आहोत. परंतु तो निबंध लिहिणारे मूल संध्याकाळी पाच ते सात या वेळात कोठे असते, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावयास हवी. प्रत्यक्षात काय घडते? २०१६ सालच्या माहितीवरून याच संघटनेच्या संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की जगातील ११ ते १७ वयाची सुमारे ८१ टक्के मुले एवढी हालचाल करीत नाहीत. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते.

यावर शिकवणीसारखे खेळाचेही वर्ग निघाले आहेत. त्यांची फी, गणवेश, बूट हे सारे ज्याला परवडते त्याचा प्रश्न सुटतो. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथील मुलांनी काय करावे?

सुदैवाने आपले देशी खेळ फार थोडे मागतात. कबड्डीला फक्कीने आखलेल्या रेघा पुरतात, खो-खोला दोन खांब आणि लंगडीला तर केवळ एक चौकोन. परंतु खेळ स्वस्त असला म्हणजे प्रत्येक मुलाला व्यायाम घडतोच असे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात आम्ही काही विद्यार्थी एका वस्तीजवळच्या उद्यानात मुलांचे खेळ घेत असू. तेथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जो लवकर बाद होतो तो बाजूला बसतो. आणि लवकर बाद होतो तो बहुधा अशक्त, स्थूल किंवा लाजाळू मुलगाच. म्हणजे ज्याला धावण्याची सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत कमी धावतो! खो-खोच्या सामन्यातही पाठलाग करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी आठ जण पाटीवर बसलेले असतात आणि पळणारे तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. स्पर्धेसाठी हे नियम योग्यच आहेत. परंतु रोजच्या खेळाचा हेतू निराळा असतो.

म्हणून आम्ही नियम थोडे वाकविले. खो-खोच्या एका मोठ्या डावाऐवजी पाच-पाच मुले बसवून दोन लहान डाव मांडले. लंगडीत बाद झालेल्याने उद्यानाला एक फेरी मारून पुन्हा आत यावे, असे ठरविले. त्यामुळे कोणी बसून राहीना आणि बाद होण्याची लाजही उरली नाही.

मुलींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दहा-अकरा वर्षांची मुलगी खेळायला येते ती पुष्कळदा धाकट्या भावाला कडेवर घेऊनच. अशा लहानग्यांसाठी एक कोपरा राखून आळीपाळीने कोणी तेथे बसले, तर ताई मोकळी होते. शिवाय वेळ उजेडाची हवी, ती रोज तीच हवी, आणि शिकविणाऱ्यांत एखादी विद्यार्थिनी हवी. एवढे पाळले की आईचा विश्वास बसतो, असा आमचा अनुभव आहे.

आता जागेविषयी. कित्येक उद्यानांत 'येथे खेळू नये' अशी पाटी असते. वृद्धांना निवांतपणा हवा, रोपे जगावीत, ही माळीबुवांची व रहिवाशांची अपेक्षा अवाजवी नाही. भांडणापेक्षा ठरावीक कोपरा आणि ठरावीक तास मागून घेणे बरे. एकाच मोकळ्या जागेत अनेकांना सामावून घेता येते, हे मुंबईच्या शिवाजी पार्कने दाखवून दिले आहे. १९२५ साली खुल्या झालेल्या त्या मैदानावर क्रिकेट चालते, कडेच्या व्यायाम मंदिरात मुलेमुली मल्लखांब शिकतात आणि कठड्यावर आजोबांच्या गप्पाही रंगतात. अर्थात प्रत्येक वस्तीला एवढे मैदान लाभत नाही. पण तासांची वाटणी लहान जागेतही करता येते.

अशा उपक्रमांचा खरा शत्रू पैशाचा अभाव नसून खंड हा आहे. परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांचे उत्साही कार्यक्रम बंद पडतात आणि मुले पुन्हा पांगतात. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येकाने वर्षाला १२० तास काम करावे अशी अपेक्षा असते. आठवड्यातून तीन दिवस एकेक तास दिला, तर एकाच विद्यार्थ्याच्या तासांतून ४० आठवडे निघतात. चार-पाच जणांनी पाळ्या लावल्या, तर परीक्षेचे दिवसही निभावतील. त्यातच वस्तीतील दोन मोठी मुले डाव लावण्यास तयार केली, तर आपण पदवी घेऊन गेल्यावरही खेळ चालू राहील.

शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे आणि विद्यार्थी मित्रांनी पाळीचा एक तास उचलावा, एवढीच विनंती. मुलांना बोलवावे लागत नाही. ठरल्या वेळी कोणीतरी तेथे हजर असले, की ती आपोआप येतात.