आपल्या गावाचा शोध ग्रंथालयात

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस आम्ही एक निबंध लिहावयास सांगितला होता. विषय एवढाच की, आपण राहतो ते गाव शंभर वर्षांपूर्वी कसे होते. दुसऱ्याच दिवशी पिंपळे सौदागर येथील एक विद्यार्थी खाली मान घालून आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, आमच्या गावाला इतिहासच नाही. तिथं नुसत्या इमारती आहेत.” त्याचे घराणे तेथील जुन्या शेतकऱ्यांचे, परंतु शेत गेले, मळा गेला, आणि पवनेच्या काठी उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. संगणकावर गावाचे नाव घालावे तो सदनिकांच्या जाहिराती तेवढ्या पुढे येत. मुलाच्या बोलण्यात आळस नव्हता, खंत होती. म्हणून त्यास आम्ही एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात घेऊन गेलो. तेथे त्यास काय सापडले व कोणत्या वाटेने सापडले, हे इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहोत.

ग्रंथालयात पाऊल टाकताच कपाटांकडे धावणे ही पहिली चूक, आणि ती बहुतेक सारे करतात. आम्ही त्यास प्रथम एका बाकावर बसवून कागद काढावयास लावला. “माझ्या गावाची माहिती” हा काही प्रश्न नव्हे. अशी माहिती मागितल्यास ग्रंथपाल तरी काय देणार? तेव्हा खूप खोडाखोड करून त्याने लिहिले : ‘शंभर वर्षांपूर्वी आमच्या गावातील कुटुंबांचे पोट शेतीवर भरत होते काय?’ प्रश्न असा नेमका झाला म्हणजे शोधावयाचे शब्दही आपोआप हाती येतात : शेती, जमीनधारणा, कर्ज, मजुरी, पुणे जिल्हा.

आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई ह्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीने पुस्तके लावलेली असतात. तीत ३०० पासून ३९९ पर्यंतचे अंक सामाजिक शास्त्रांस दिले आहेत. म्हणून विद्यार्थी त्या एका कपाटापाशी उभा राहतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. वस्तुतः एकाच गावाची हकीकत कितीतरी ठिकाणी विखुरलेली असते : अर्थशास्त्राची पुस्तके ३३० मध्ये, जमिनीची ३३३ च्या आसपास, शेतीची थेट ६३० मध्ये, हिंदुस्थानच्या भूगोलाची ९१५ मध्ये, तर इतिहासाची ९५४ मध्ये. ह्या सर्व कपाटांना जोडणारा धागा म्हणजे सूची, मग ती जुन्या पेटीतील कार्डांची असो वा संगणकावरची.

सूचीनेही त्या मुलास प्रथम निराशच केले. आज ज्या अक्षरांनी गावाचे नाव इंग्रजीत लिहितात त्या अक्षरांखाली काहीच निघेना. तेव्हा ग्रंथपालबाई हसून म्हणाल्या, “अरे, साहेबांनी तुझं गाव तुझ्यासारखं कशाला लिहिलं असेल? ‘पिंपळा’ म्हणून बघ. आणि पुण्यालाही ‘पूना’ म्हण.” तसे करताच तिसऱ्या प्रयत्नास एक नोंद निघाली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी दक्षिणेतील एका खेड्यातील जमीन व श्रम ह्यांविषयी लिहिलेला हा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला होता. आणि ते खेडे दुसरे तिसरे कोणतेही नसून पिंपळे सौदागर हेच होते! मुलाचा चेहरा त्या वेळी पाहावयास हवा होता.

डॉ. मॅन ह्यांनी गावातील घरोघरची शेती, मिळकत व कर्ज ह्यांची तपासणी केली. एकेका शेतकऱ्याची जमीन किती लहान लहान तुकड्यांत विभागली गेली आहे हे त्यांनी दाखविले. १७७१ साली एका धारणेचे क्षेत्र सरासरीने ४० एकर होते; ते १९१४-१५ साली अवघे ७ एकर उरले होते. मुलाने हा आकडा दोनदा वाचला. गावची शेती इमारतींनी खाल्ली अशी त्याची समजूत होती. आता त्यास दिसले की, इमारती येण्याच्या कितीतरी आधीच शेतीवर पोट भरणे कठीण होऊन बसले होते.

परंतु एक ग्रंथ सापडला म्हणजे काम संपले असे नव्हे. पिंपळे सौदागर हे पुणे शहर व खडकीची छावणी ह्यांना जवळचे गाव. तेथील माणसांस बाहेर मजुरी मिळे. मग सर्व दक्षिणेतील खेड्यांस हाच न्याय कसा लावावा? ही शंका मॅनसाहेबांसही होतीच. म्हणून पुढे त्यांनी कानिटकर ह्यांच्या साहाय्याने शहरापासून दूरच्या जातेगाव बुद्रुक ह्या गावाचा अभ्यास केला, व तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. एक पुस्तक दुसऱ्याकडे बोट दाखविते ते असे. तळटीपा वाचावयाचा कंटाळा करणाऱ्यास हे बोट दिसत नाही.

पुणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर तीन भागांत असून ते १८८५ सालचे आहे. ते संदर्भविभागात बसूनच वाचावे लागते. पिके, बाजार, रस्ते, वजनेमापे ह्यांविषयी त्यात विपुल माहिती आहे. मात्र ते राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिलेले आहे हे विसरू नये. एखाद्या जातीस सरसकट आळशी वा उधळी ठरविणारी वाक्ये त्यात आढळतात. ती लेखकाच्या दृष्टीचा पुरावा होत, त्या जातीच्या स्वभावाचा नव्हेत. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गांव-गाडा’ हा १९१५ सालचा ग्रंथ पाटील, कुळकर्णी, बलुतेदार ह्यांच्या व्यवहाराची घरची माहिती देतो. तोही असाच डोळे उघडे ठेवून वाचावा. मराठीत आणखी काय छापले गेले हे शोधणाऱ्याने शंकर गणेश दाते ह्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. तिच्या पहिल्या भागात १८०० पासून १९३७ पर्यंतची पुस्तके नोंदलेली आहेत.

खानेसुमारीच्या आकड्यांविषयी मात्र आमचीच एक फजिती सांगणे बरे. विद्यार्थिदशेत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यावर निबंध लिहिला. १९७१ साली तेथील लोकसंख्या वीस लाखांच्या घरात होती, आणि १९९१ साली पाहतो तो साडेपंधरा लाखही भरेना. झाले! कोकण ओस पडले, चाकरमानी मुंबईस गेले, अशी चार पाने आम्ही मोठ्या आवेशाने लिहिली. प्राध्यापकांनी समासात एवढेच लिहिले : “आणि सिंधुदुर्ग?” १९८१ साली त्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, ही गोष्ट आमच्या ध्यानीही आली नव्हती. कोकणातून मुंबईस माणसे गेली हे खरे. पण आमच्या आकड्यांनी ते सिद्ध होत नव्हते. तेव्हापासून दोन सालांचे आकडे शेजारी मांडण्यापूर्वी आम्ही दोन्ही सालांचा नकाशा पाहतो.

टिपणे घेण्याविषयी थोडेसेच. प्रत्येक टिपणावर ग्रंथकर्ता, ग्रंथ, साल व पृष्ठ आधी लिहावे आणि मग मजकूर. ग्रंथातील शब्द जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे घालावी. पानाचे छायाचित्र काढून आणले म्हणजे पान वाचले असे होत नाही, हेही आजच्या मुलांस सांगणे प्राप्त आहे. महाविद्यालयाची ग्रंथालये शाळेच्या मुलांस सहसा पुस्तके घरी देत नाहीत. परंतु मुख्याध्यापकांचे पत्र नेल्यास तेथे बसून वाचावयास पुष्कळदा मिळते. पालकांनी मुलांबरोबर एखादा शनिवार तिकडे घालविल्यास फारच उत्तम.

आमच्या त्या विद्यार्थ्याने घरी जाऊन ४० एकर व ७ एकर हे दोन्ही आकडे आजोबांस वाचून दाखविले. म्हातारबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी फडताळातून एक जुनी पिशवी काढली. तीत सातबाराचे उतारे व दोन खरेदीखते होती. सर्वांत जुन्या कागदावरचे अक्षर मोडीतले निघाले. ते वाचून दाखविणारे कोणी मिळेल काय, असे विचारावयास तो मुलगा परवा पुन्हा ग्रंथपालबाईंकडे गेला आहे.