धम्मग्रंथ आणि धम्मदान : जुन्या चीनपासून एक धडा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आहे. काहींच्या घरी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केलेल्या हिंदी अनुवादाची प्रत असेल. तिची पहिली पाने एकदा नीट पाहा. या अनुवादाच्या पुष्कळ प्रती तैवानमधील तैपेई शहराच्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन या संस्थेने छापून मोफत वाटल्या आहेत. कोठले तैवान आणि कोठले आपण! त्या लोकांची आपली ओळख नाही, भाषा एक नाही. मग त्यांनी पदरचा पैसा घालून आपल्यासाठी ग्रंथ का छापावा? याचे उत्तर साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये सापडते.

बंद खोलीतील ग्रंथ

चीनच्या वायव्येस वाळवंटाच्या काठी तुनहुआंग हे गाव आहे. त्याच्याजवळच्या कड्यात मोगाओ नावाची बौद्ध लेणी कोरलेली आहेत. इ. स. १९०० मध्ये तेथे राहणाऱ्या वांग युआनलू नावाच्या ताओपंथी साधूला एका लेण्याच्या भिंतीआड लहानशी खोली सापडली. अकराव्या शतकाच्या आरंभी बुजविलेल्या त्या खोलीत हजारो हस्तलिखिते रचून ठेवलेली होती. १९०७ साली ऑरेल स्टाइन हा संशोधक तेथे आला आणि साधूला थोडी रक्कम देऊन हजारो गुंडाळ्या घेऊन गेला. त्यांतच ‘वज्रच्छेदिका’ या महायान सूत्राची छापील गुंडाळी होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ही गुंडाळी सुमारे पाच मीटर लांब आहे. आरंभी भगवान बुद्ध स्थविर सुभूतीला उपदेश करीत असल्याचे चित्र आहे. पुढे कुमारजीव या थोर भिक्षूने पाचव्या शतकाच्या आरंभी केलेला चिनी अनुवाद आहे. शेवटी नोंद आहे, ती अशी की, वांग जिए याने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना मोफत वाटण्यासाठी हे छापविले. नोंदीतील तारीख आपल्या हिशेबाने ११ मे ८६८ येते. तारीख छापलेले, जगात ज्ञात असलेले सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक ते हेच. युरोपात गुटेनबर्गचे बायबल निघाले ते सुमारे १४५५ साली, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षांनंतर!

हे छापीत कसे? मजकूर पातळ कागदावर लिहून तो कागद लाकडी फळीवर पालथा चिकटवीत. मग अक्षरे सोडून भोवतालचे लाकूड कोरून काढीत. उठावाच्या अक्षरांना शाई लावून वर कागद ठेवीत व पाठीमागून ब्रशने घाशीत. एक फळी कोरली की तिच्यावरून शेकडो प्रती निघत.

ही रीत अजून जिवंत आहे. तायपिंग बंडाच्या काळात पुष्कळ विहार व ग्रंथ नष्ट झाले. तेव्हा यांग वेनहुई या उपासकाने १८६६ मध्ये नानजिंग येथे धम्मग्रंथांचे मुद्रणालय काढले. तेथे आजही फळ्या कोरून ग्रंथ छापतात. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

सरपण विकणारा हुइनेंग

या सूत्राशी निगडित एक कथा चिनी परंपरा सांगते. दक्षिणेकडील हुइनेंग हा गरीब, निरक्षर तरुण सरपण विकून आईला पोशीत असे. एकदा गिऱ्हाइकाच्या तोंडून त्याने हे सूत्र ऐकले आणि तो आचार्य होंगरेन यांच्याकडे गेला. दक्षिणेचा रानटी तू, तुला बुद्धत्व कसे मिळेल, असे विचारताच तो उत्तरला की, माणसे उत्तरेची नि दक्षिणेची असतील, पण बुद्धत्वात उत्तर-दक्षिण नाही. त्याला भात कांडण्याच्या कामाला लावले गेले. तोच पुढे झेन पंथाचा सहावा आचार्य झाला. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्यांना याहून निराळे उत्तर कोणते द्यायचे?

आपण काय घ्यावे?

ग्रंथ छापून वाटला म्हणजे आईवडिलांना पुण्य लागते, अशी चीनमध्ये श्रद्धा होती. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात असा पुण्याचा हिशेब बसत नाही. परंतु त्या कृतीचे फळ खरे आहे, आणि ते याच जन्मी दिसते. एका माणसाने दिलेला ग्रंथ दुसऱ्याच्या हाती पडतो आणि त्याची बुद्धी जागी होते.

आपल्या पणजोबांना पोथीला शिवण्याची बंदी होती. आज ग्रंथ घरात आहे. त्याला हार घालून फळीवर ठेवून दिला, तर बंदी असली काय नि उठली काय, सारखेच! यास्तव तो रोज उघडा. घरातील शिकलेल्या मुलीने वाचावा आणि निरक्षर आजीने ऐकावा. हुइनेंगनेही प्रथम ऐकलेच होते. घरी लग्न असो वा पुण्यानुमोदन, खर्चातून चार ग्रंथांचे पैसे बाजूला काढा. ज्या घरी ग्रंथ नाही, तेथे तो पोहोचवा. तैवानच्या अनोळखी माणसांचे ऋण असेच फेडता येईल.

घरी चर्चेसाठी प्रश्न :

१. वांग जिए याने ग्रंथ कोणासाठी छापविला?
२. हुइनेंगच्या उत्तराचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे?
३. या महिन्यात आपले कुटुंब कोणाला ग्रंथ देणार?

जय भीम!