परदेशी शिक्षणाचे कर्ज : सही करण्यापूर्वी

जानेवारी उजाडला की आमच्या शाखेत नोएडा, गाझियाबाद, गुडगावकडचे पालक येऊ लागतात. मुलाच्या हातात परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र असते, वडिलांच्या पिशवीत घराचे कागद. पालकांचा प्रश्न एकच असतो, "साहेब, कर्ज मिळेल ना?" बहुतेकांना मिळते. पण पहिला हप्ता कधी येईल आणि तेव्हा तो कोण भरेल, हे फारच थोडे विचारतात.

शैक्षणिक कर्जात आईवडील नुसते साक्षीदार नसतात, सहकर्जदार असतात. मुलगा टोरांटोत असो की मेलबर्नमध्ये, हप्ता थकला तर बँक तुमच्याकडेही मागणार, आणि थकल्याची नोंद तुमच्याही सिबिल अहवालात होणार. साडेसात लाखांवरच्या कर्जाला साधारणपणे तारण लागते. म्हणजे घर किंवा मुदतठेव अडकते.

आता हिशेब मांडू. 2 वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 20 लाखांचे कर्ज घेतले, दर वर्षाच्या सुरुवातीला 10 लाख उचलले, व्याज 10 टक्के धरू. अभ्यासक्रम आणि पुढचे 1 वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहते. पहिल्या 10 लाखांवर 3 वर्षांचे 3 लाख, दुसऱ्यावर 2 वर्षांचे 2 लाख. हप्ता सुरू होताना कर्ज 25 लाखांचे झालेले असते. 10 वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे 33,000 रुपये. दरम्यान नुसते व्याज भरत राहिलात (पहिल्या वर्षी महिना सुमारे 8,300, नंतर 16,700) तर हप्ता सुमारे 26,400 वर राहतो. काही बँका असे व्याज भरणाऱ्याला दरात सवलतही देतात. जमेल तेवढे तरी भराच.

"तिकडे नोकरी लागली की फिटेल" हे वाक्य मी रोज ऐकतो. ते खरे ठरतेही, पण तिथे राहायची मुदत त्या देशाच्या हातात असते. ब्रिटनमध्ये पदवीनंतर नोकरीसाठी 2 वर्षे मिळत आली. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, 18 महिनेच मिळतील. अमेरिकेत 12 महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी 24; त्यानंतर एच-वन-बी व्हिसाची सोडत. मूल परत आले तर इथल्या पगारातून 33,000 निघतील का, हा हिशेब करूनच रक्कम ठरवा.

डॉ. आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. मुदत संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना 1917 मध्ये परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5,000 रुपये कर्ज यांवर. आधी बचत आणि मदत, कमी पडेल तेवढेच कर्ज, हा क्रम आजही चालतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचीही चौकशी करावी. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख आहे.

कराबद्दल थोडक्यात. जुन्या करप्रणालीत फक्त व्याजावर, जास्तीत जास्त 8 वर्षे वजावट मिळते. नव्या प्रणालीत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला 10 लाखांवर पाठवले तर वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, पण तोवर पैसा अडकतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही.

आणि एक काम विमानतळावर जाण्याआधीचे. परदेशी शिकायला जाणारा विद्यार्थी परकीय चलन कायद्याने अनिवासी मानला जातो, म्हणून त्याचे इथले बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. पीपीएफ असेल तर मुदत पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेऊन मुलासह शाखेत या. तो गेल्यावर हेच काम कुरिअरने करताना महिना जातो.