विश्वस्ताने न्यासाचा कारभार कसा पूर्ण करावा?

रद्द न होणाऱ्या खाजगी न्यासात एकदा सोपविलेली मालमत्ता न्यासकर्त्यास परत घेता येत नाही. मात्र असा न्यास कधीच संपत नाही, हा समज चुकीचा होय. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ७७ अन्वये न्यासाचा उद्देश पूर्णपणे साध्य झाला, बेकायदेशीर ठरला अथवा मालमत्ता नष्ट झाल्याने वा अन्य कारणाने अशक्य झाला, म्हणजे न्यास समाप्त होतो.

समजा, हुबळीच्या एखाद्या व्यापाऱ्याने नातवंडांच्या शिक्षणासाठी धारवाड येथील घर व काही ठेवी मित्राच्या हाती न्यासरूपाने सोपविल्या आणि धाकटे नातवंड २१ वर्षांचे होताच शिल्लक सर्वांस समान वाटावी, असे न्यासपत्रात लिहिले. तो दिवस उजाडताच विश्वस्त मोकळा झाला काय? नाही, त्याच्या कामाचा कसोटीचा भाग तेथेच सुरू होतो.

प्रथम न्यासपत्र पुन्हा वाचून मालमत्तेची यादी करावी. घरपट्टी, आयकर व इतर देणी चुकती करावीत. न्यासासाठी पदरचा केलेला योग्य खर्च विश्वस्तास वळता करून घेता येतो; परंतु न्यासपत्रात तरतूद, लाभार्थींशी करार अथवा न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज मेहनताना घेता येत नाही. त्यानंतर आरंभापासूनचा जमाखर्च प्रत्येक लाभार्थीपुढे ठेवावा. घर नोंदणीकृत दस्ताने हस्तांतरित करून महानगरपालिकेच्या दप्तरी नावे बदलून घ्यावीत. रक्कम बँकेमार्फत देऊन पावती घ्यावी. न्यासाचे खाते सर्वांत शेवटी बंद करावे.

हिशेब पाहण्याचा हक्क जसा लाभार्थीचा, तसा तो तपासून मिटवून घेण्याचा हक्क विश्वस्ताचाही आहे. काही येणे उरले नाही, अशी लेखी फारखती कलम ३५ अन्वये त्यास मागता येते. स्नेहापोटी पुष्कळजण ती मागण्यास संकोचतात. पुढे एखाद्या वारसाने शंका काढली, की प्रामाणिक माणसालाही जुनी कागदपत्रे शोधत फिरावे लागते. वाद मिटत नसेल, तर जिल्हा न्यायालयाकडे दाद मागावी.

सार्वजनिक धर्मादाय न्यासास मात्र हा अधिनियम लागू नाही. शिरसंगीचे लिंगराज देसाई (१८६१-१९०६) यांनी आपली संपत्ती विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. अशा कार्यात विश्वस्त बदलतात, उद्देश चालू राहतो. तेथेही जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती चोख हिशेब द्यावा. ज्याचे त्यास पोचले आणि त्याची लेखी नोंद राहिली, म्हणजेच विश्वस्त खऱ्या अर्थाने मुक्त झाला.