सी-डॉट : खेड्याच्या धुळीत उतरलेले संशोधन
(बी. ए. द्वितीय वर्ष)

संशोधन म्हटले की दुर्बीण, काचेच्या नळ्या आणि पांढरा झगा घातलेला शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे उभा राहतो. टेलिफोनच्या बाबतीत तर ग्रॅहॅम बेल यांचे नाव पाठ केले की आपला अभ्यास संपतो. परंतु टेलिफोन शोधणे हा एक प्रश्न आणि तो खेड्यापर्यंत पोचवणे हा निराळाच प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नाला भिडलेली आपल्या देशातील संस्था म्हणजे सी-डॉट, अर्थात 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स'. तिच्या कार्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

१९८१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ६८ कोटींच्या घरात होती. टेलिफोन मात्र तीस लाखांहूनही कमी, आणि तेही बहुतांशी शहरांत. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळावे लागे. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांना हे अंतर किती महाग पडत असेल! माझे आजोबा दर वर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जात. घरी कोणी दगावले तर निरोप माणसाबरोबर धाडावा लागे. तो फडावर पोचेपर्यंत इकडे माती उरकलेली असे.

टेलिफोन कमी असण्याचे एक मोठे कारण एक्स्चेंज हे होते. एक्स्चेंज म्हणजे एका टेलिफोनची दुसऱ्याशी गाठ घालून देणारी यंत्रणा. जुनी यांत्रिक एक्स्चेंज धुळीने बिघडत आणि त्यांची सतत देखभाल करावी लागे. परदेशी बनावटीची नवी डिजिटल एक्स्चेंज मोठ्या शहरांसाठी घडवलेली होती. त्यांना वातानुकूलित खोली हवी, अखंड वीज हवी. खेड्यात यांपैकी काय मिळणार?

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. ओडिशातील टिटलागड या लहान गावी जन्मलेले आणि अमेरिकेत टेलिफोन-तंत्रज्ञ म्हणून नावारूपास आलेले सॅम पित्रोदा, दूरसंचार खात्यातील जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. एम. व्ही. पिटके हे तिच्या उभारणीतील प्रमुख होत. सरकारने ३६ कोटी रुपये आणि ३६ महिन्यांची मुदत दिली. दिल्ली व बंगळूर येथे काम सुरू झाले. काम करणारे बहुसंख्य अभियंते तरुण होते.

डिजिटल एक्स्चेंजचे तत्त्व आपल्याला कालव्याच्या पाणीपाळीवरून समजून घेता येईल. चारी एकच असते, पण प्रत्येक शेतकऱ्याला ठरलेल्या वेळी पाणी मिळते. तसेच येथे बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेतले जाते, त्या मापाचे अंक बनतात आणि अनेकांचे अंक एकाच मार्गावरून पाळीपाळीने धावतात. पाळी इतकी झटपट येते की ऐकणाऱ्याला खंड जाणवतच नाही.

हे तत्त्व काही सी-डॉटने शोधले नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहितीचे गणित मांडले. आजच्या साऱ्या दूरसंचाराचा तो पाया आहे. सी-डॉटचे वेगळेपण तिने विचारलेल्या प्रश्नात आहे. श्रीमंत देशात घरोघरी टेलिफोन असतो, म्हणून एकेका टेलिफोनवर बोलणे कमी होते. आपल्याकडे एका टेलिफोनवर सारी आळी बोलणार! तेव्हा टेलिफोन थोडे असले तरी बोलण्याचा भार पेलेल असे एक्स्चेंज हवे, ही गोष्ट या अभियंत्यांनी ओळखली.

त्यांनी तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, म्हणजे 'रॅक्स', वातानुकूलनाशिवाय चाले. एखादा भाग बिघडला तर तेवढे कार्ड काढून दुसरे बसवायचे. पहिले रॅक्स १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. राणी चन्नम्माच्या पराक्रमाने प्रसिद्ध असलेल्या या गावाचे हे दुसरे मोठेपण फारसे कोणास ठाऊक नाही. पुढे हे तंत्रज्ञान देशातील अनेक कारखान्यांना देण्यात आले आणि अशी एक्स्चेंज गावोगावी बसली. एसटीडी बूथ आले. माझ्या वडिलांच्या उमेदीत कारखान्याच्या फाट्यावर असा बूथ झाला आणि निरोपासाठी माणूस धाडण्याची पद्धत थांबली.

अर्थात दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ३६ महिन्यांत मोठ्या शहरी एक्स्चेंजचे काम पुरे झाले नाही आणि त्यावरून संस्थेवर बरीच टीका झाली. पुढे १९९५ मध्ये देशात मोबाईल आला आणि तारेच्या टेलिफोनचे महत्त्व ओसरत गेले. मोबाईलच्या पहिल्या पिढ्यांची यंत्रसामग्री आपण मुख्यतः परदेशातूनच आणली. म्हणजे जे स्वावलंबन कष्टाने मिळवले होते, ते पुढच्या वळणावर आपल्या हातून निसटले.

तरीही वारसा संपला असे म्हणता येत नाही. हरवलेला मोबाईल बंद करण्याची 'संचार साथी'वरील सोय सी-डॉटनेच तयार केली आहे. भारत संचार निगमच्या स्वदेशी ४-जी जाळ्याचा गाभाही तिचाच असून ते जाळे २०२५ मध्ये देशभर सुरू झाले.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. यंत्राची रचना आपल्याला येणार नाही. परंतु यंत्र कोणासाठी, कोणत्या गावात, किती विजेवर चालणार, हे प्रश्न समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचेही आहेत. आज शिष्यवृत्तीचा अर्ज आणि पीकविमा मोबाईलवर आला आहे. अशा वेळी ज्या तांड्यावर रेंज नाही तेथील मुलगा पुन्हा ट्रंक कॉलच्या काळात जातो. त्याची अडचण नेमक्या शब्दांत मांडणारा कोणी असला, तरच ती प्रयोगशाळेपर्यंत पोचेल. ते मांडण्याचे काम आपले आहे.