लाखोळीचें धान्य व पायांचा लुळेपणा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व नागपूरच्या पूर्वेकडील धानाच्या मुलखांत लाख अथवा लाखोळी ठाऊक नाहीं असा शेतकरी सांपडावयाचा नाहीं. छत्तीसगडांत हिला तिवरा म्हणतात, उत्तरेकडे खेसारी म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रांत लॅथिरस सॅटायव्हस या नांवानें ती ओळखली जाते. हिच्याविषयीं आपल्या लोकांत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, लाखोळी हें विष होय. सरकारनें १९६१ सालीं तिच्या विक्रीस बंदी करण्याचा नियम केला तो उगीच नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, आमचे आजे-पणजे लाखोळीचें वरण खाऊन म्हातारे झाले, त्यांचा पाय कधीं वांकडा पडला नाहीं. दोन्ही पक्ष आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलेंच सांगतात, म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. परंतु वैद्यांनीं रोग्यांजवळ बसून व रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत बसून या प्रश्नाचा दीर्घकाळ शोध केला आहे. त्यांतून निघालेलें सार शेतकरी बंधूंपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पिकाचा गुण

धान उभें असतांच, बांधींतील पाणी ओसरून माती ओली आहे तोंच, लाखोळीचें बीं फेंकलें जातें. यासच उतेरा म्हणतात. ना नांगर, ना वखर, ना वेगळें खत. धान कापून नेल्यावर उरलेल्या ओलीवर हें पीक वाढतें. शेंगवर्गांतील असल्यामुळें तें जमिनीस नत्र देतें, जनावरांस कुटार देतें, आणि दाण्यांत पौष्टिक प्रथिन शंभर भागांत पंचवीस भागांहून अधिक असतें. पाणी सांचलें तरी तें तग धरतें, पाऊस गेला तरी तग धरतें.

हा शेवटचा गुण वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा, कारण साऱ्या अनर्थाचें मूळ त्यांतच आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. पीकपाहणीचे व आणेवारीचे कागद ज्यांनीं लिहिले त्यांस हें ठाऊक असतें कीं, वाईट सालीं सर्व पिकें सारख्या प्रमाणांत बुडत नाहींत. जें पीक वांचतें त्यावरच गरिबाचें पोट पडतें. इतर धान्य गेलें आणि लाखोळी उरली, म्हणजे सकाळीं लाखोळी, संध्याकाळीं लाखोळी, असा प्रसंग येतो.

रोगाचें स्वरूप

या रोगास वैद्यकांत लॅथिरिझम म्हणतात. तो बहुधा कामकरी, तरुण पुरुषांस गांठतो. स्त्रियांत त्याचें प्रमाण कमी आढळतें. पुष्कळदां मनुष्य रात्रीं धडधाकट निजतो आणि सकाळीं उठतांना पोटऱ्या ताठलेल्या, गुडघे वांकलेले, पाय जड झालेले अशा स्थितींत उठतो. कधीं दिवसभराच्या भारी श्रमानंतर असें होतें. पुढें टांच जमिनीस टेंकत नाहीं, मनुष्य चवड्यांवर चालतो, आणि चालतांना एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा पडतो.

आपल्या देशांतील वैद्यांनीं रोग्यांच्या चार पायऱ्या केल्या आहेत, आणि त्या कोणासही सहज समजतील अशा आहेत: काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, व जमिनीवर सरपटणारा. बुद्धि शाबूत राहते, हात बहुधा चालतात, त्वचेची जाणीव जात नाहीं, आयुष्यही विशेष घटत नाहीं. म्हणजे विशींतला तरुण पुढें चाळीस-पन्नास वर्षें पूर्ण शुद्धींत आपलें पंगुपण भोगतो. गेलेले पाय परत आणणारें औषध अद्याप नाहीं.

दोष पायांत नसतो, हें येथें सांगितलें पाहिजे. मेंदूंतून निघून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवाटे खालीं येणारे जे तंतु पायांस हालचालीचा हुकूम पोंचवितात, त्यांस इजा झालेली असते. हुकूम पोंचत नाहीं म्हणून स्नायु ताठतात. यास्तव पायांस तेल चोळणें, डाग देणें, गंडे बांधणें हे सर्व उपाय व्यर्थ होत. घोड्यांसही हें धान्य सतत चारल्यास त्यांच्या घशाच्या मज्जातंतूंस बाधा होऊन श्वास घेतांना मोठा घोरण्यासारखा आवाज येतो, असें पशुवैद्यांनीं नोंदविलें आहे.

जुने दाखले

आपल्या प्राचीन वैद्यांस हा रोग अज्ञात नव्हता. सुश्रुतसंहितेंत कलायखंज या नांवाचा विकार सांगितला आहे; कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचें धान्य, व खंज म्हणजे लंगडा. पुढें ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन यानें सागरकडील हकीकत लिहून ठेविली. १८२९ ते १८३१ अशीं लागोपाठ तीन वर्षें गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनीं तेथील गहूं बुडाला, तिवरा तेवढा तगला. लोकांनीं तोच खाल्ला, आणि १८३३ च्या सुमारास गांवोगांव तरुण माणसें कमरेखालीं लुळीं पडूं लागलीं. हा सागर जिल्हा १८६१ सालीं नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतांत आला, तेव्हां ही हकीकत आपल्या शेजारचीच समजावी. इटलींतही असेच रोगी आढळत. तेथील कान्तानी नांवाच्या वैद्यानें १८७३ सालीं या विकारास लॅथिरिझम हें नांव दिलें.

इतकें असूनही शंका उरलीच. कोणी दमट हवेस दोष देई, कोणी पाण्यास, कोणी लाखोळींत मिसळणाऱ्या अक्टा नामक तणाच्या बियांस. १९२५ सालीं कांहीं संशोधकांनीं या तणाकडेच बोट दाखविलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत मात्र एक भयंकर पुरावा पुढें आला. सध्यांच्या युक्रेन देशांतील वाप्नियार्का येथें रुमानियाच्या अधिकाऱ्यांनीं ज्यू लोकांची बंदिछावणी उघडली होती. १९४२ सालीं कैद्यांस गुरांसाठीं ठेवलेली लाखोळी रोज सुमारें ४०० ग्रॅम व थोडी भाकरी एवढेंच अन्न देण्यांत आलें. कांहीं महिन्यांतच शेंकडों कैद्यांचे पाय जाऊं लागले. कैद्यांतच आर्थर केसलर नांवाचे डॉक्टर होते. त्यांनीं रोग ओळखला, त्याचें मूळ त्या धान्यांत आहे हें सांगितलें, आणि पुढें अनेक वर्षें त्या रोग्यांचा पाठपुरावा केला. तेथें हवा निराळी, पाणी निराळें, लोक निराळे. सारखें होतें तें केवळ अन्न.

प्रयोगशाळेंत काय सांपडलें

दाण्यांत नेमकें काय आहे, हा प्रश्न सोडविण्याचा मान मुख्यतः भारतीय शास्त्रज्ञांकडे जातो. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील राव, अडिगा व शर्मा यांनीं लाखोळीच्या अर्कानें कोंबडीच्या लहान पिलांत मज्जाविकार उत्पन्न होतो हें दाखविलें, आणि १९६४ सालीं तें विषारी द्रव्य शुद्ध करून त्याची रचना ठरविली. त्याच वर्षीं दिल्लींतील संशोधकांनींही तेंच द्रव्य स्वतंत्रपणें वेगळें केलें. त्यास संक्षेपानें ओडॅप म्हणतात.

तें कार्य कसें करतें, हेंही पुढें कळलें. मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप देते तो ग्लुटामेट नांवाच्या द्रव्यामार्फत. ओडॅप हें दिसण्यांत ग्लुटामेटसारखें असल्यामुळें खोट्या किल्लीप्रमाणें त्याच्या कुलपास लागतें. पेशीस खरा निरोप नसतां सारखी चेतावणी मिळत राहते, आणि अतिश्रमानें ती मरते. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाहीं. म्हणून हा रोग बरा करण्याचा नसून टाळण्याचा आहे.

सर्वांनाच रोग कां होत नाहीं

आतां आरंभींच्या दोन पक्षांचा निकाल लावतां येतो. लाखोळी हा आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक होऊन दोन-तीन महिने अथवा त्याहून जास्त काळ खाण्यांत आली, म्हणजे धोका उत्पन्न होतो. आठवड्यांतून एक-दोनदां भाताबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्यास तो संभवत नाहीं. शिवाय लाखोळीच्या प्रथिनांत गंधकयुक्त घटकांची उणीव असते; ती तांदूळ, ज्वारी, गहूं यांनीं भरून निघते. इथिओपिया देशांत हा रोग अलीकडेपर्यंत पुष्कळ होता. तेथील अभ्यासांत असें दिसलें कीं, लाखोळींत इतर धान्य मिसळून खाणाऱ्या घरांत रोग कमी, आणि नुसती उकडलेली वा भाजलेली लाखोळी खाणाऱ्या घरांत अधिक.

म्हणजे आजे-पणजे खोटें सांगत नव्हते; त्यांच्या ताटांत लाखोळीखेरीज भात, भाजी व ताक होतें. आणि स्लीमनही खोटें सांगत नव्हता. त्यानें पाहिलेल्यांच्या ताटांत दुसरें कांहींच नव्हतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं महाराष्ट्रांतील लाखोळी पिकविणाऱ्या भागाची पाहणी करून २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत रोगी फारच थोडे आढळले, आणि आहारांत लाखोळीचें प्रमाणही अल्पच होतें.

उपाय

रोग टाळण्याचे मार्ग तीन. पहिला स्वयंपाकघरांत. ओडॅप पाण्यांत विरघळतें. डाळ भरपूर उकळत्या पाण्यांत टाकून कांहीं तास ठेवावी, तें पाणी फेंकून द्यावें, डाळ पुन्हा धुवावी आणि मग शिजवावी. अशानें विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. कांहीं जीवनसत्त्वें जातात हें खरें, पण ती हानि भाजीपाल्यानें भरून निघते. कोरडे दाणे भाजल्यानें वा पिठाची भाकरी केल्यानें विष पुरतें जात नाहीं.

दुसरा मार्ग शेतांत. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची रतन, व रायपूरच्या इंदिरा गांधी कृषि विश्वविद्यालयाच्या प्रतीक व महातिवरा, या जातींत ओडॅप शंभर भागांत एक दशांश भागाहूनही कमी असतें. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनीं लाखोळीवरील बंदी उठावी म्हणून अनेक वर्षें चळवळ केली. आणि २०१६ सालीं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीनें या तीन जातींस अनुकूल मत दिलें. तथापि बियाणें एकदां आणलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. मधमाश्यांमुळें शेजारच्या जुन्या लाखोळीचा संकर कांहीं अंशीं होतो, आणि जमिनीच्या व पाण्याच्या ताणानें विषाचें प्रमाण वाढूं शकतें. म्हणून बियाण्याचा वाफा वेगळा ठेवावा व बीं वेळोवेळीं बदलावें. पीक बाजारांत नेण्यापूर्वीं त्या वेळीं लागू असलेला विक्रीचा नियम विचारून घ्यावा. तुरीच्या डाळींत वा बेसनांत लाखोळी मिसळून विकणें हें मात्र कोणत्याही जातीबाबत पापच होय. खाणारास आपण काय व किती खातों हें कळलेंच पाहिजे.

तिसरा मार्ग आपल्या खळ्यांत आहे, आणि तो जमीनधारकांनीं विशेष मनावर घ्यावा. विंध्य भागांतील रीवा मुलखांत हा रोग पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला, त्याचें एक मोठें कारण हें कीं तेथील बांधील मजुरांस मजुरी बहुतांशीं खेसारीच्या रूपानें मिळे. मालक गहूं खाई, मजूर खेसारी खाई. पाय मजुराचे जात. एकाच शिवारांतील एकाच पिकानें एका घरीं वरण व दुसऱ्या घरीं काठी द्यावी, यांत दाण्याचा दोष अर्धा, वांटणीचा अर्धा. यास्तव सालदारास वा मजुरास धान्य द्यावयाचें असेल तर तें तांदूळ किंवा ज्वारीचें द्यावें. नुसती लाखोळी कदापि देऊं नये. दुष्काळाच्या सालीं लाखोळी स्वस्त व मुबलक दिसेल, त्या सालीं तर मुळींच नाहीं.

तात्पर्य, लाखोळी हें टाकाऊ पीक नव्हे व निर्दोषही नव्हे. तें वरणाचें धान्य आहे, पोट भरण्याचें नव्हे. कमी विषाचें बीं पेरावें, डाळीचें पहिलें पाणी ओतून द्यावें, भाताबरोबर बेतानें खावी, आणि आपल्या शेतावर राबणाऱ्याच्या घरीं दुसरें धान्य आहे कीं नाहीं याची चौकशी करावी. गांवांत कोणाच्या पोटऱ्या अकस्मात ताठल्या असें कानीं येतांच त्याच्या घरची लाखोळी त्या दिवसापासून बंद करून त्यास नागपूरच्या वा जवळच्या मोठ्या रुग्णालयांत न्यावें. रोग वाढण्यापूर्वीं ती बंद झाली तर एका काठीचा मनुष्य दोन काठ्यांवर जाण्यापासून वांचूं शकतो.